पंप वाढवला तरी जीप घाटात ओढत नाही, वर तापते: जुन्या डिझेल फोर-बाय-फोरची ताकद नेमकी कुठे अडते

तक्रार दर वेळी जवळपास एकच असते. गाडी महिंद्राची: एमएम ५४०, सीएल, मेजर किंवा डीआय इंजिनाची (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन) जुनी कमांडर. सपाटीला बरी चालते. घाट लागला की तिसऱ्यात दम सोडते आणि दुसऱ्यात रांगते. मालक गॅरेजला जाऊन ‘पिकअप नाही’ म्हणतो. मिस्त्री डिझेल पंपाचा फुल-लोड स्क्रू (इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल जायचं ते ठरवणारा) अर्धा फेरा आत घेतो. आठवडाभर गाडी जोरात वाटते. मग मागून काळा धूर, डिझेल जास्त, आणि पुढच्याच मोठ्या चढावर पाण्याचा काटा लालात. मग रेडिएटरचं काम निघतं, त्यानंतर हेड पॅकिंगचं, आणि एवढा खर्च होऊन तक्रार तिथेच राहते: ओढत नाही.

हे चक्र तोडायचं असेल तर एक गोष्ट आधी पक्की करायला हवी. जुन्या डिझेल इंजिनात डिझेलची कमतरता सहसा नसते, हवेची असते. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढतं, हवा तेवढीच राहते.

आकडे मांडून बघू. एमएम ५४० मधलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन २११२ सीसीचं आहे; बोअर ९० मिमी, स्ट्रोक ८३ मिमी. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं, म्हणजे २५०० आरपीएमला मिनिटाला २६४० लिटर हवा. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ८५ टक्के भरतात असं धरलं तर साधारण सव्वाबावीसशे लिटर, वजनात सुमारे २.७ किलो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला कागदावर साडेचौदा किलो हवा पुरते. पण सिलिंडरमध्ये मिसळायला वेळच इतका कमी असतो की धूर नको असेल तर १८ ते २० किलो हवा लागते. म्हणजे या इंजिनाला २५०० आरपीएमवर मिनिटाला साधारण १३५ ते १५० ग्रॅम डिझेल नीट पचवता येतं. त्यापुढचं डिझेल अर्धवट आणि उशिरा जळतं. त्याची काजळी होते आणि उष्णता एक्झॉस्ट, हेड आणि पाण्यात जाते. चाकापर्यंत पोहोचते ती फार थोडी. धूर आणि तापणं अशी दोन वेगळी दुखणी समजून लोक दोन वेगळ्या दुकानांत जातात; मूळ बहुतेकदा एकच असतं.

त्यात उंची. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना गाडी जवळजवळ समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास जाते. तिथली हवा सुमारे १२ टक्के विरळ. खाली पोलादपुरात ज्याचा पंप धुराच्या काठावर बसवलाय, त्याची गाडी वर महाबळेश्वरपर्यंत येता येता धुराचे लोट सोडणार. पीयूसीचाही विचार करा. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धूर किती दाट ते मोजायचं माप) आहे, आणि पंप वाढवलेली गाडी तिथे हमखास अडकते.

म्हणून पहिलं काम: पंप मूळ सेटिंगवर परत आणा. पंपवाल्याकडे कॅलिब्रेशन बेंचवर, अंदाजाने नव्हे. तो मूळ जागी आल्याशिवाय पुढची कुठलीही तपासणी खरं सांगणार नाही.

आधी मूळची ताकद शोधा

‘हिच्यात मुळातच दम नाही, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) टाकावाच लागेल’ हे फार घाईने ठरवलं जातं. घाटाला खरोखर किती ताकद लागते? माणसं-सामानासह १६०० किलोची गाडी, आठ टक्के चढ, ताशी ३० किमी वेग: चाकाशी साधारण १८ एचपी पुरते. ताशी ५० ने चढायचं असेल तर ३२ च्या आसपास. एमएम ५४० ची कागदावरची ताकद ६२ बीएचपी, तीही वरच्या आरपीएमला. २५०० वर निरोगी इंजिन ४० च्या जवळपास देतं. गियर आणि हाऊसिंगमध्ये (ॲक्सलवरच्या डिफरन्शियलमध्ये) काही जाईल, उंचीने काही जाईल, तरीही धडधाकट जीपने आंबेनळी ताशी ३५ ते ४० ने चढायला हरकत नाही. तुमची चढत नसेल तर हरवलेले एचपी गाडीतच कुठेतरी अडकलेत. ते शोधणं टर्बोपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

सुरुवात सगळ्यात साध्या ठिकाणाहून करा. एकाने आत बसून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते बघायचं. झिजलेल्या लिंकेज, ताणलेली केबल, पेडलखाली आलेली जाड रबरी मॅट, यांमुळे लिव्हर पाऊण वाटेतच थांबलेला असतो. ज्या गाडीत इंजिन बंद करायला ओढायची केबल आहे, तिथे ती केबल पूर्ण आत जाते का तेही बघा. गंजून थोडी बाहेर राहिली तर ती सतत डिझेल कमी करत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग गाडी सपाट जागी न्यूट्रलला ठेवून ढकला. एका माणसाने हलली पाहिजे. नाही हलली तर चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवा. ड्रम ब्रेकचे चिकटलेले व्हील सिलिंडर, जास्त ताणलेला हँडब्रेक, घट्ट आवळलेलं बेअरिंग, यांपैकी काहीतरी सापडतं. आठ-दहा किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थांबलात तर दोषी ड्रम हात जवळ नेताच कळतो.

हवेची वाट. जुन्या जीपला ऑइल-बाथ फिल्टर असतो. त्यातलं ऑइल धुळीने चिखल झालेलं असतं किंवा कुणीतरी खुणेच्या वर भरलेलं असतं. दोन्हींत इंजिन गुदमरतं. फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी होज हाताने दाबून बघा. आतून सुटलेला होज वरच्या आरपीएमला चिपकतो आणि इंजिन बंद केल्यावर अगदी चांगला दिसतो. एक्झॉस्टचा पाइप दगडाने चेपलाय का, सायलेन्सरच्या आतला पत्रा सुटून आडवा आलाय का, हेही याच वेळी उरकून घ्या.

डिझेलची वाट. गाडी सुरुवातीला बरी ओढते, दहा मिनिटांनी दम सोडते आणि थोडं थांबलं की पुन्हा चालते, असं असेल तर टाकीतला गंज आणि जाळी बघा. परतीच्या पाइपमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. त्यात बुडबुडे दिसले तर टाकी ते फीड पंप या टप्प्यात कुठेतरी हवा ओढली जातेय, बहुतेक वेळा तांब्याच्या जुन्या वॉशरमधून.

इथपर्यंतचं घरच्या घरी होतं. पुढच्या तीन गोष्टींना हत्यार लागतं आणि त्यात कंजुषी करू नये.

नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी टोकं, टेस्टरवर लावून बघायलाच हवेत. एक्सडीपीसारख्या स्वर्ल चेंबरच्या (डिझेल आधी हेडमधल्या लहान कोठडीत फवारलं जातं अशा) इंजिनाचे पिंटल नोझल साधारण १२० बारच्या आसपास उघडतात, डीआयचे बारीक छिद्रांचे नोझल त्याहून बरेच वर, २०० च्या पुढे. आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. फवारा धुक्यासारखा हवा, धार नको, आणि बंद झाल्यावर टोकाला थेंब लोंबायला नको. लोंबणारा थेंब म्हणजे काळा धूर, खडखडाट आणि पिस्टनचा माथा जळणं. एक सक्त सूचना: चालू इंजिनात नोझलचा नट सैल करून कुठला सिलिंडर मेलाय ते बघण्याची पद्धत आहे, पण त्या धारेसमोर हात नेऊ नका. इतक्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं आणि बोट गमवावं लागू शकतं.

कॉम्प्रेशन गेजने मोजा, एक्सडीपीत हीटर प्लगच्या भोकातून, डीआयमध्ये नोझलच्या. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असणं जास्त महत्त्वाचं. एखादा बराच खाली असेल तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. टॅपेट त्याआधी लावून घ्या, नाहीतर घट्ट टॅपेटमुळे चांगला सिलिंडरही कमी दाखवेल. ऑइल भरायचं झाकण सैल ठेवून इंजिन चालवलं आणि झाकण उडायला लागलं, वाफारा जोरात आला, तर इंजिन उघडून दुरुस्त करायची वेळ आलीय. अशा इंजिनावर टर्बो चढवणं म्हणजे पैसे जाळणं. आधी लायनर, पिस्टन, रिंग.

तिसरं, पंपाचं टायमिंग. यावर मी सगळ्यात जास्त भर देईन, कारण बऱ्याच ‘तापणाऱ्या’ गाड्यांचा रोग इथे निघतो. पंप काढून बसवताना तो खाचांमध्ये थोडा मागे राहतो. मग डिझेल उशिरा पडतं, उशिरा जळतं आणि पिस्टनला ढकलायच्या ऐवजी एक्झॉस्ट तापवत बाहेर जातं. अशा इंजिनाचा आवाज मऊ आणि गोड येतो, म्हणून मालक खूश असतो. सकाळी थंडीत पांढरट धूर, घाटात ओढ नाही आणि पाणी गरम, ही त्याची खूण. टायमिंग पुढे गेलं तर उलट, खडखड आवाज आणि पिस्टन-बेअरिंगवर मार. कानाने टायमिंग लावणारे जुने मिस्त्री मला आदरणीय आहेत, पण हे काम डायल गेजनेच करून मागा.

क्लच घसरतोय का हेही एकदा बघा. चढावर वरच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तर इंजिन निर्दोष आहे.

टायरने खाल्लेली ओढ

हा मुद्दा लोक सर्रास विसरतात. मूळ ६.००-१६ टायरचा व्यास साधारण साडेअठ्ठावीस इंच. दिसायला रुबाबदार म्हणून ३१ इंची टायर टाकला की प्रत्येक गियर जवळपास नऊ टक्क्यांनी लांब होतो. हाऊसिंगमध्ये ४.८८ चा क्राउन-पिनियन (चाकांना फिरवणारी शेवटची दातांची जोडी) असेल तर तो ४.४९ असल्यासारखा वागतो. वर टायरचं वजन वेगळंच. मालकाला वाटतं इंजिन म्हातारं झालं.

याचं उत्तर पंपात नसून हाऊसिंगमध्ये आहे. ५.३८ चा सेट, म्हणजे ८-४३ दातांचा, ३१ इंची टायरबरोबर सुमारे ४.९५ चा परिणाम देतो. ४.८८ चा सेट ८-३९ दातांचा असतो, त्यामुळे जुन्या बाजारात घेताना दात स्वतः मोजा. आणि पुढचा-मागचा दोन्ही सेट बदला. एकाच बाजूचा बदलून फोर-व्हील लावलात तर दोन्ही ॲक्सल एकमेकांना ओढतील आणि ट्रान्सफर केस किंवा शाफ्टचा जॉइंट तुटेल. बदल्यात हायवेवर आरपीएम वाढेल, आवाज वाढेल. ज्याची गाडी गावच्या घाटांत आणि कच्च्या वाटांवर असते त्याच्यासाठी हा सौदा चांगला आहे. मुंबई-पुणे करणाऱ्याने टायर लहान करावेत.

तापणं: टर्बोच्या आधी हे

घाटात वेग कमी आणि इंजिनावर भार पूर्ण, त्यामुळे रेडिएटरमधून हवा ओढायचं जवळजवळ सगळं काम पंख्यावर येतं. पंख्याभोवतीचा पत्र्याचा श्राउड काढून फेकलेला असेल (इंजिन बदललेल्या जीपांत तो हमखास नसतो) तर पंखा तीच गरम हवा बॉनेटखाली गरगर फिरवत राहतो. श्राउड बसवा, पट्टा ताणा, पात्याची दिशा बघा. रेडिएटरची जाळी बाहेरून स्वच्छ दिसली तरी बोअरवेलच्या क्षाराने आतल्या नळ्या भरलेल्या असतात. टाकी उघडून दांडा मारूनच साफ होतात. कूलंट घालताना मिश्रण शुद्ध पाण्यात करा, विहिरीच्या नव्हे. झाकणाची स्प्रिंग मेली असेल तर दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळतं.

थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात फिरतो. सपाटीला इंजिन गार, घाटात गरम, असं विचित्र वागणं त्यातून येतं. नवा थर्मोस्टॅट घ्या, घरी पातेल्यातल्या गरम पाण्यात टाकून तो उघडतो का ते बघा आणि बसवा.

आता टर्बो

वरचं सगळं करून गाडी मूळ ताकदीवर आली आणि तरीही जास्त हवी असेल, तर हवा वाढवणं हाच खरा मार्ग.

पण हवा किती वाढते? टर्बोने ०.६ बार बूस्ट (हवेचा वाढीव दाब) दिला म्हणजे साठ टक्के हवा वाढली असा सर्वसाधारण समज आहे. हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असताना, बऱ्यापैकी टर्बोतून ०.६ बारला निघणारी हवा १०० अंशांच्या आसपास असते. गरम हवा विरळ, म्हणून वजनात वाढ फक्त तीस टक्के. तीच हवा इंटरकूलरमधून (हवा गार करणाऱ्या जाळीतून) ५५ अंशांपर्यंत आणली तर वाढ पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, आणि आतलं तापमानही खाली राहतं. त्यामुळे इंटरकूलरशिवाय टर्बो लावायचाच असेल तर बूस्ट ०.४ च्या आसपास ठेवून समाधान मानावं. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसवणार असाल तर तो रेडिएटरची हवा अडवणार हे धरून चाला. म्हणूनच कूलिंगचं काम आधी.

एक्सडीपी आणि त्याचा मोठा भाऊ २४९८ सीसीचा एक्सडी३पी ही स्वर्ल चेंबरची इंजिनं आहेत. त्यांचं कॉम्प्रेशन गुणोत्तर २२ च्या पलीकडे, म्हणजे बूस्टला जागा कमी आणि हेडवर उष्णतेचा भार जास्त. या इंजिनांना मी टर्बोचा सल्ला जपूनच देतो. डीआय इंजिन, २५२३ सीसी, ८८.९ बाय १०१.६ मिमी, म्हणजे साडेतीन बाय चार इंच, हे ट्रॅक्टरच्या घराण्यातलं लांब स्ट्रोकचं इंजिन आहे आणि टर्बोला जास्त मानवतं. महिंद्राने स्वतः त्याला टर्बो दिला तेव्हा ताकद ६३ बीएचपीच्या घरातच ठेवली, पण टॉर्क १८० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि तोही १५०० ते १८०० आरपीएमला. जीपला काय हवं असतं ते यात दिसतं: खालच्या फेऱ्यांतली ओढ. मोठ्या ट्रकचा टर्बो स्वस्तात मिळाला म्हणून लावलात तर तो २५०० च्या पुढे जागा होईल आणि घाटातल्या वळणावर १६०० ला तुम्ही धुरात उभे असाल. अडीच लिटरच्या आसपासच्या डिझेल इंजिनाचा लहान टर्बो घ्या.

बसवताना सगळ्यात जास्त चुका ऑइलच्या परतीच्या पाइपात होतात. टर्बोतून ऑइल फक्त वजनाने खाली येतं, त्यामागे दाब नसतो. पाइप जाड हवा, सरळ उतरता हवा आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. तो आडवा किंवा बारीक केला की ऑइल तुंबतं, सीलमधून निळा धूर येतो आणि लोक चांगला टर्बो खराब म्हणून बदलतात. घाट चढून थांबलात की दोन मिनिटं आयडलवर राहू द्या, मगच इंजिन बंद करा.

टर्बोसोबत दोन मीटर घ्याच: बूस्टचा आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा. दुसऱ्याची सुई टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवा. टर्बोसाठी बनवलेल्या अनेक इंजिनांत पिस्टनला खालून ऑइलचा फवारा गार करत असतो. जुन्या साध्या इंजिनात ती सोय धरू नका. म्हणून लांब चढावर ६५० अंशांच्या आत राहणं हीच माझी मर्यादा. पाण्याचा काटा उशिरा बोलतो. पिस्टन वितळायला लागला तरी तो मध्यावर असू शकतो.

काहीजण सगळं सोडून नवं कॉमन रेल इंजिन टाकायचा विचार करतात. ताकदीच्या दृष्टीने फरक मोठा, पहिल्या थारचं सीआरडीई इंजिन १०५ बीएचपीचं होतं. पण ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), वायरिंग, टाकीतली परतीची लाइन, रेडिएटर, ब्रेक, ॲक्सल सगळंच बदलत जातं. आणि कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे मांडलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद. पंधरा वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी पासिंगला न्यावीच लागते, तिथे इंजिन नंबर तपासला जातो. टर्बो किंवा इंजिनाला हात लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्या. अपघातानंतर हा कागद नसेल तर दावा अडतो, आणि त्यात समोरच्या जखमी माणसाचंही नुकसान होतं.

डिझेल शेवटी

टर्बो लागला, मीटर लागले, आता पंपाला हात लावायची वेळ. बूस्टप्रमाणे डिझेल वाढवणारी कॅप्सूल असलेला पंप मिळाला तर उत्तम, कारण साधा पंप बूस्ट येण्याआधीही तेवढंच डिझेल ओततो आणि उठताना धूर करतो. स्क्रू एका वेळी अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. प्रत्येक वेळी तोच घाट, तेवढंच वजन, तोच गियर, आणि एक्झॉस्टचा आकडा वहीत लिहा. उठताना धुराची हलकी रेघ दिसून बूस्ट आल्यावर ती नाहीशी झाली तर तिथेच थांबा. बूस्ट पूर्ण असतानाही धूर राहिला तर अर्धं पाऊल मागे घ्या आणि फिल्टर, होज, इंटरकूलरचे जोड पुन्हा तपासा. सैल क्लिपमधून निसटणारी हवा साबणाच्या पाण्याने सापडते.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा आणि हेडच्या कडेने ऑइल किंवा पाण्याची ओल दिसते का ते सकाळी इंजिन थंड असताना बघा. त्यानंतर ऑइल बदलायचा अंतराचा आकडा पूर्वीच्या निम्म्यावर आणा.